दोन खुर्च्या आणि स्लाऊची ओसरी

मागच्या महिन्यात बाबांचा व्हिसा आला. पासपोर्ट हातात पडल्या पडल्या त्यांनी फोन केला. थंडी किती असते, औषधं किती आणू, लोणचं चालतं का, यातलं काही विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, "बाहेर बसायला काही आहे का आता?"

त्यातला 'आता' मला बरोबर लागला. का, ते सांगतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदा आमच्याकडे स्लाऊला आले होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. किर्लोस्करवाडीला पस्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस, निवृत्तीनंतर सांगलीत स्थायिक. संध्याकाळी ओसरीवर खुर्ची टाकून रस्ता बघत बसणं हा त्यांचा दिवसातला मुख्य कार्यक्रम. इथे आल्यावर त्यांनी तेच केलं. सहा वाजले की डायनिंग टेबलाची एक खुर्ची उचलायची, दाराबाहेर पोर्चमध्ये ठेवायची, चहा घेऊन बसायचं. अंधार पडायची वाट बघायची तर जूनमध्ये इथे सव्वानऊनंतर सूर्य मावळतो, तेव्हा कंटाळले की खुर्ची परत आत.

दोन आठवडे हे चाललं. एका संध्याकाळी कामावरून येताना मी कोपऱ्यावरूनच त्यांना पाहिलं. पांढरा लेंगा, वर माझा जुना स्वेटर, कानाला मफलर. अख्ख्या रस्त्यावर समोर बसलेला हा एकच माणूस. मला कसंतरी झालं. (लाज वाटली असं सरळ लिहायला हवं, नाही का?) घरात शिरताना मी म्हणालो, "बाबा, इथे असं समोर कोणी बसत नाही. मागे गार्डन आहे ना."

ते काही बोलले नाहीत. उठले, खुर्ची स्वतः उचलून आत नेली. त्यानंतर एकदाही पुढे बसले नाहीत. मागच्या गार्डनमध्ये दोनदा जाऊन आले. तिथे तिन्ही बाजूंनी सहा फुटी लाकडी कुंपण. "कुंपणाकडे बघत बसू का?" हे त्यांनी मला नाही, बायकोला विचारलं. तीन महिन्यांसाठी आले होते, तिकीट बदलून तीन आठवडे आधी परत गेले. कारण सांगितलं ते लाईट बिलाचं. मग कोविड आला, मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि मध्ये बरीच वर्षं गेली.

तर मंडळी, हा लेख फर्निचरबद्दल आहे. पण हे आधी सांगणं भाग होतं.

आमचं घर म्हणजे इथे ज्याला सेमी-डिटॅच्ड म्हणतात तसं, दोन घरांची एक भिंत सामाईक असलेलं. पुढच्या दारावर छप्पर असलेला उघडा पोर्च आहे, २.४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद. गुणाकार केलात तर २.८८ चौरस मीटर येईल. ही मापं आकाशातून पडलेली नाहीत. इंग्लंडमध्ये ३ चौरस मीटरपेक्षा जास्त जागा न व्यापणारा, ३ मीटरपेक्षा उंच नसलेला आणि रस्त्याच्या हद्दीपासून २ मीटर आत असलेला पोर्च बांधायला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. म्हणून गल्लीतले बहुतेक पोर्च तीनाच्या जरा आत थांबलेले. कुंपणाचंही तसंच. गाड्या जातात त्या रस्त्याला लागून असेल तर एक मीटरपर्यंत, बाकीकडे दोन मीटरपर्यंत विनापरवाना. म्हणजे पुढे माणूस कमरेपासून वर दिसतो आणि मागे मुळीच दिसत नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात गाडीवाल्याला पलीकडचं दिसावं एवढंच असणार. पण त्याचा परिणाम असा की बसायचं ते मागे, आणि पुढे फक्त गाडी उभी करायची. बहुतेकांनी तर पुढची बाग फरशीखाली गाडून टाकली आहे. इतकी, की पाणी मुरेना म्हणून २००८ च्या ऑक्टोबरपासून नियम करावा लागला: पाणी जिरू न देणारी फरशी ५ चौरस मीटरपेक्षा जास्त घालायची आणि पाण्याची दुसरी सोय करायची नसेल तर आधी परवानगी घ्या.

आपल्याकडे नेमकं उलट. परसदारी भांडी, सरपण, नळ, आणि माणसं पुढे. ओसरी, ओटा, पडवी, कट्टा, अंगण, पायरी: घराच्या पुढच्या बाजूला बसायच्या जागांना आपल्याकडे इतके शब्द आहेत की माझ्या इंग्रज सहकाऱ्याला समजावताना मी तिसऱ्या शब्दाला नाद सोडला.

स्लाऊबद्दल लिहायचं म्हणजे जॉन बेट्जमनच्या त्या १९३७ च्या कवितेचा उल्लेख करावाच लागतो, ज्यात त्याने या गावावर बॉम्ब पडावेत अशी इच्छा व्यक्त केली. करून झाला. मला इथला दुसरा इतिहास जास्त आवडतो. विल्यम हर्शेल, युरेनस शोधणारा, १७८६ मध्ये स्लाऊला राहायला आला आणि घरामागच्या बागेत त्याने चाळीस फुटी दुर्बीण उभी केली. १७८९ मध्ये ती पूर्ण झाली आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं तिच्याएवढी मोठी दुर्बीण जगात नव्हती. नळकांडं लोखंडी पत्र्याचं, पण ते पेलणारा सगळा सांगाडा लाकडाचा, उघड्यावर. हर्शेल गेला, लाकडं म्हातारी झाली, आणि सांगाडा पोरांच्या अंगावर कोसळेल या भीतीने त्याच्या मुलाने, जॉन हर्शेलने, ती १८४० च्या सुमारास उतरवून ठेवली. त्याआधी १८३९ मध्ये त्याने त्या सांगाड्याचा काचेवर फोटो घेतला. काचेवर घेतलेल्या अगदी सुरुवातीच्या फोटोंपैकी तो एक. या गावातल्या सर्वात प्रसिद्ध गार्डन फर्निचरची ही कथा. पन्नास वर्षं टिकलं, हे मला तरी चांगलंच वाटतं. आजकाल दुकानदार पाच वर्षांची हमी देतानाही खाली बारीक अक्षरांत दहा अटी घालतो.

लाकूड इथे का कुजतं, यावर मी बरंच डोकं चालवलं. स्लाऊला वर्षाला पाऊस पडतो सहाशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या एक तृतीयांशही नाही. ढोबळ हिशेबाने सांगलीएवढाच. पण आपल्याकडे तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि मग आठ महिने ऊन सगळं कडकडीत वाळवतं. इथे तो थोडा थोडा बारा महिने ठिबकतो. नोव्हेंबरात ओलं झालेलं लाकूड मार्चपर्यंत धड सुकत नाही, कारण हिवाळ्यात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम पंधरा अंश वर येतो. लाकडाचा शत्रू पाऊस कमी, आणि न वाळणं जास्त.

मग घ्यायचं काय? पहिला धडा मी २०२२ मध्ये शिकलो होतो. वेताच्या विणकामासारखा दिसणारा प्लास्टिकचा एक सेट, दोन खुर्च्या आणि काचेचं गोल टेबल, मागच्या अंगणासाठी घेतला होता. दिसायला छान, वजनाला पापडासारखा. १८ फेब्रुवारीला युनिस नावाचं वादळ आलं आणि एक खुर्ची कुंपणावरून शेजाऱ्याच्या ट्रॅम्पोलिनवर जाऊन बसली. तेव्हापासून हलकं काहीही नको हे पक्कं. ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, पण तेही हलकंच. साधं लोखंड वजनदार, पण रंगाला एक टवका गेला की तिथून गंज शिरतो.

साग सर्वात उत्तम, यात वाद नाही. त्यात तेल असतं, ते पाण्याला आणि किडीला जुमानत नाही, फुगणं-आकसणं कमी. हे इंग्रजांना शिकवलं ते आपल्याच किनाऱ्याने. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी मलबारी सागात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे १८१७ चं जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. 'गँजेस' नावाचं दुसरं, १८२१ मध्ये मुंबईतच बांधलेलं, १९३० मध्ये मोडीत निघालं, तेव्हा त्याच्या कप्तानाची खोली डेव्हनमधल्या एका हॉटेलात बसवली गेली. जुन्या जहाजांच्या सागाची बाकं करून विकणं हा तर त्या काळी इथे धंदाच होता. म्हणजे कुणा साहेबाच्या बागेत मुंबई गोदीतल्या सुतारांच्या हातचं लाकूड असणं अगदी शक्य आहे. पण नव्या सागाच्या दोन खुर्च्यांची किंमत बघून मी मुकाट्याने पुढचं पान उलटलं. शिवाय सागाचं मूळ गाव विचारायला लागलं की प्रकरण अवघड होतं. म्यानमारच्या सरकारी लाकूड कंपनीवर ब्रिटनने २०२१ मध्ये निर्बंध घातले, ते काही उगीच नाही.

शेवटी अकेशियावर आलो. बाबांना फोनवर सांगितलं, "बाभळीच्या कुळातलं लाकूड आहे." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "बाभळीची खुर्ची? बाभळीचा नांगर करतात रे." मी म्हटलं, "तुमच्याच मालकांनी लोखंडी नांगर काढून बाभळीला रिकामं केलं, तिला आता काहीतरी काम नको का?" हे त्यांना आवडलं. वाडीच्या माणसाला नांगराचा विषय काढून दिला की पुढची दहा मिनिटं आपली.

लाकडापेक्षा अवघड निघाली ती मांडणी. इथेच माझं खरं म्हणणं आहे, म्हणून जरा थांबतो.

छोट्या जागेसाठी दुकानं एक ठरलेली गोष्ट विकतात: मध्ये गोल टेबल, दोन बाजूंना दोन खुर्च्या, एकमेकांकडे तोंड करून. त्याला बिस्ट्रो सेट म्हणतात. जाहिरातीत नेहमी एक तरुण जोडपं, दोन कप कॉफी. या मांडणीत गृहीत असं आहे की बसलेल्या दोघांना एकमेकांना बघायचं आहे. नवीन लग्न झालेल्यांना असेलही. पण ओसरीवर माणूस समोरच्याला बघायला बसत नाही. दोघं शेजारी शेजारी बसतात आणि दोघंही रस्ता बघतात. मी बाबांशी आयुष्यात जे काही महत्त्वाचं बोललो आहे, ते सगळं असंच, दोघांची नजर तिसरीकडे असताना. बारावीचे मार्क, परदेशी जायचं ठरवलं ते, लग्नाचं, आईच्या रिपोर्टचं. समोरासमोर टेबलावर बसवलं असतं तर आम्ही दोघांनीही हवापाण्यावरच भागवलं असतं.

शिवाय हिशेबही तेच सांगतो. पोर्चची रुंदी १२० सेंटिमीटर. खुर्ची ६० सेंटिमीटर खोल, भिंतीला पाठ लावून ठेवली तर पुढे ६० उरतात, तेवढ्यातून पार्सलवाला दारापर्यंत येऊ शकतो. समोरासमोर ठेवली की दार अडलंच. म्हणून सेट घ्यायचा नाही, सुट्या खुर्च्या घ्यायच्या. आणि दोनच. चार घेतल्या की त्या पाहुण्यांसाठी होतात आणि पाहुणे येईपर्यंत ताडपत्रीखाली राहतात.

उंची बघा, हे वयस्कर आईवडील येणार असतील तर आवर्जून सांगेन. आजकालच्या गार्डन खुर्च्या बुटक्या असतात, बैठक जमिनीपासून ३५-३८ सेंटिमीटर. त्यात बसणं सोपं, उठणं म्हणजे दोघांची मदत. गुडघा बदललेल्या माणसाला निदान ४५ हवी आणि हात टेकायला दणकट हात हवेत, खुर्चीला. मऊ गाद्यांच्या फंदात पडू नका. इथे त्या कायम ओलसर राहतात.

आता जोडणी. सपाट खोक्यातून सुटं फर्निचर घरी आणायचं आणि आपणच जोडायचं, ही पद्धत जगभर पसरवली आयकियाने. १९५६ मध्ये त्यांच्या गिलिस लुंडग्रेन नावाच्या कर्मचाऱ्याने गाडीत मावेना म्हणून टेबलाचे पाय काढले, तिथून हे सुरू झालं असं सांगतात. आता नवी मुंबईतही २०२० पासून त्यांचं दुकान आहे, त्यामुळे ॲलन कीबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझ्या खुर्च्या मात्र दुसरीकडच्या.

इथे एक कबुली. माझी डॉक्टरेट बोल्टने जोडलेल्या सांध्यांवर आहे. सांधे हादऱ्यांनी सैल का होतात, यावर मी चार वर्षं घालवली. युंकर नावाच्या जर्मन इंजिनियरने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टच्या अक्षाला आडवे हादरे बसले की तो आपोआप फिरून सुटतो, आणि साधे स्प्रिंग वायसर त्याला फारसे रोखू शकत नाहीत. खुर्चीत माणूस मागेपुढे झुलतो तेव्हा पायांच्या बोल्टना नेमका हाच आडवा भार मिळतो. हे सगळं मला माहीत. तरीही पहिली खुर्ची जोडून उभी केली तर ती डुगडुगत होती.

मी फरशीला दोष दिला. पोर्चची फरशी पाणी निघून जावं म्हणून बाहेरच्या बाजूला उतरती असते. मोबाईल खुर्चीसमोर धरून बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "उताराने खुर्ची कलेल, डुगडुगेल कशाला?" बरोबर होतं. पृष्ठभाग सपाट असेल, मग तो कितीही तिरका असो, सरळ पायांची खुर्ची त्यावर चारही पाय टेकूनच राहते. खोट खुर्चीत होती. मी प्रत्येक सांधा जोडला की लगेच पूर्ण आवळत गेलो होतो. पहिल्या सांध्यातली अर्ध्या मिलिमीटरची चूक तिथेच गोठली आणि शेवटच्या पायापर्यंत जाऊन तिचे तीन मिलिमीटर झाले.

"सगळे सोड. सगळे बोल्ट हाताने लाव, आटे धरले की पुरे. सपाट जागेवर ठेव. त्यावर बस. मग आवळ, समोरासमोरचे, थोडे थोडे."

"बसून कसं आवळू?"

"बायकोला बसव. का तीही ऑफिसात आहे?"

तसं केलं. वजन पडल्यावर सांध्यांनी आपापली जागा शोधली, मग आवळलं, आणि खुर्ची हूं का चूं न करता उभी राहिली. माझ्या प्रबंधात हे एका समीकरणात आहे, पण त्यात 'बायकोला बसव' हे नाही. आणखी एक पथ्य बाबांनीच सांगितलं. लाकूड रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून ओल्या दिवसांत फार करकचून आवळायचं नाही आणि पहिल्या कोरड्या आठवड्यानंतर पुन्हा एक हात फिरवायचा.

दुसऱ्या खोक्यात एक नट कमी निघाला. दंडगोल आकाराचा, लाकडाच्या भोकात आडवा बसणारा. विकणाऱ्यांना लिहिलं तर उत्तर आलं की सुटा भाग पाठवायची सोय नाही, अख्खी खुर्ची परत पाठवा, नवी देतो. पंचवीस पैशांच्या नटासाठी चौदा किलोची खुर्ची लॉरीतून जाणार आणि दुसरी येणार! आणि हे कुठे, तर स्लाऊमध्ये. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी लष्कराने मोडक्या गाड्या दुरुस्त करायला इथे मोठा डेपो काढला, १९२० मध्ये तो खाजगी कंपनीने घेतला, जुन्या लॉऱ्या नीट करून विकल्या आणि लॉऱ्या संपल्यावर शेड भाड्याने दिल्या. इथली ती सुप्रसिद्ध ट्रेडिंग इस्टेट उभी राहिली ती अशी, दुरुस्तीच्या पैशावर. असो. फार्नम रोडवरच्या एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात सरदारजी काउंटरवर होते. खिशातून नमुन्याचा नट काढून दाखवला. त्यांनी ड्रॉवर उघडला, एम-६ चा तसलाच नट काढला, वर एक जास्तीचा दिला आणि पंजाबी वळणाच्या हिंदीत विचारलं, "कुर्सी किसके लिए?"

बाबा येण्याआधी मी स्वतः बसून बघायचं ठरवलं. (माझं मलाच बघायचं होतं, जमतंय का.) पहिल्या संध्याकाळी दहा मिनिटंही बसवलं नाही. हातात फोन घेतला, म्हणजे काहीतरी काम चालू आहे असं दिसावं. तिसऱ्या दिवशी फोन आत ठेवला. चौथ्या दिवशी समोरच्या घरातली पोलिश बाई कचऱ्याचा डबा ओढताना थांबली आणि विचारलं, "किल्ली हरवली का?" मी म्हटलं, "नाही, बसलोय." तिला ते कळायला थोडा वेळ लागला. मग म्हणाली, तिची आजी गावाला दारापुढच्या बाकावर अशीच बसायची. सात वर्षं आम्ही समोरासमोर राहतोय आणि मला तिचं नाव तेव्हा कळलं.

२०२१ च्या जनगणनेनुसार स्लाऊतली जवळजवळ निम्मी वस्ती आशियाई वंशाची आहे. त्याआधी तीसच्या दशकात वेल्समधून बेकार झालेले लोक आले, मग पोलिश, मग कॅरिबियन, पंजाबी, पाकिस्तानी, आता आपण. म्हणजे या गल्लीतल्या बहुतेकांच्या मागच्या पिढीत कुणीतरी दारापुढे बसत असणार. आणि सगळ्यांनी इथे येऊन एकमेकांकडे बघत ठरवलं की इथे असं कोणी बसत नाही. मीही तेच केलं आणि ते नियम म्हणून बापाला ऐकवलं. कुठल्याही कौन्सिलने असा नियम केलेला नाही. शोधून पाहिला.

आमच्या पुण्याच्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, प्रायव्हसी म्हणून काही असतं की नाही?" असतं ना. पण त्याच्या दहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीला काचा लावून त्याने ती हॉलमध्ये घेतली आहे, आणि त्याची आई दुपारभर टीव्हीसमोर असते. तिला प्रायव्हसी कमी पडते आहे असं मला मागच्या खेपेला वाटलं नाही.

बाबा गुरुवारी हीथ्रोला उतरतायत. काल शेवटचा हात फिरवून बोल्ट पाहिले, दोन सैल होते, आवळले. रात्री फोन आला तेव्हा खुर्च्यांचे फोटो पाठवले. चश्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिले.

"दोन्ही एकाच उंचीच्या ना?"

"हो."

"मग कोपऱ्याकडची माझी. तिथून बस दिसते का बघून ठेव."